रालामंडलचा गोल वळसा

लीलाचे विलायती बूट वर्गात आले, त्या दिवसापासून भानुमतीकडे कुणी बघेना.

त्याआधी मधल्या सुट्टीतला घोळका ठरलेला होता, भानुमतीच्या बाकाभोवती. आता तो तीन बाकं सरकून लीलाकडे गेला. लीलाचा मालोजीदादा वेल्समध्ये खाणींचं शिक्षण घेत होता. त्याने तपकिरी, नाडीचे, जाड तळाचे बूट पाठवले आणि सोबत आठ पानी पत्र. नव्या मध्यप्रदेशाचा नकाशा वर्गात टांगून वर्ष झालं नव्हतं, पण पोरी त्यात वेल्स शोधू लागल्या होत्या.

"'आम्ही पेन-ई-फॅन नावाच्या पहाडावर गेलो,'" लीला रोज वाचायची. "'जवळजवळ तीन हजार फूट! एका वाटेने चढलो, दुसऱ्या वाटेने उतरलो आणि गोल फिरून निघालो तिथंच पोहोचलो. गेलेल्या वाटेवर पुन्हा पाय म्हणून ठेवला नाही.'"

"हाय रे!" पोरी म्हणायच्या. सतरा वेळा ऐकलेलं पत्र, तरी हाय रे!

अठराव्या वेळी भानुमती बोललीच. "त्यात काय मोठं? आपलं रालामंडल काय कमी आहे? रविवारी चला. गोल फिरून दाखवते."

रालामंडल ही गावाबाहेरची टेकडी तिने आजवर फक्त लांबून पाहिली होती.

रविवारी भानुमती, लीला आणि वर्गातलीच, लीलाची शेजारीण दुर्गा अशा तिघी निघाल्या. पोरींना एकटं कोण सोडणार, म्हणून भानुमतीचे दत्तोपंतमामा सोबत. टेकडीच्या पायथ्याशी टांग्यातून उतरताच मामांनी झाडाखाली सतरंजी पसरली आणि पोह्यांचा डबा उशाशी घेतला.

"माझे गुडघे कामातून गेले. तुम्ही जा, मी सामान बघतो."

लीला बुटांच्या नाड्या आवळत होती. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोन बायका चालता चालता थांबल्या आणि बघू लागल्या. बुटांकडे! इथेसुद्धा! भानुमतीच्या पोटात दुखायला लागलं.

"अगं, बूट घालून कुठं चाललीस? वर शेंदराचा देव आहे. चपला खालीच काढायच्या असतात."

"देव वर आहे ना? मग वर काढू की," दुर्गा म्हणाली.

"पूरा पहाडच देवाचा आहे! हो ना मामा?"

"बरोबर, बरोबर," मामा डोळे न उघडता म्हणाले.

तीन जोड मामांच्या उशाशी ओळीने लागले. लीलाने बूट इतक्या पटकन काढले की भानुमतीला जरा चुटपुट लागली. भांडण तरी करायचं!

चढ मजेत झाला. वाट रुळलेली होती, मऊ मातीची. माथ्यावर वारा भणाणत होता, लांब इंदूरच्या गिरण्यांची धुरांडी दिसत होती. देवाला नमस्कार करून भानुमतीने पलीकडच्या उताराकडे बोट केलं. "आता इकडून."

दुर्गा जागची हलली नाही. "भानु, एक बात सांग. आपल्या चपला कुठं आहेत?"

"खाली."

"कोणत्या खाली?"

भानुमतीने आधी या बाजूला वाकून पाहिलं, मग त्या.

"आलो तसंच जाऊ ना," लीला समजुतीने म्हणाली. "गोल नाही झाला तर नाही झाला. दादाला मी काही लिहिणार नाही."

लिहिणार नाही! उपकार! भानुमतीचे कान तापले. "गेलेल्या वाटेवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. उतरू आणि पायथ्याने वळसा घालू. किती असेल?"

पुष्कळ होता. उतारावर बोरी, त्याखाली बाभळी, त्यापुढे कापलेल्या ज्वारीची धसकटं. दर दहा पावलांवर कुणीतरी एका पायावर उभी आणि दुसरी काटा काढतेय. तेवढ्यात मागून बैलगाडी आली.

"क्या बेटी, जूते चोरी हो गए?" गाडीवान हसला. "आओ, बैठो."

दुर्गा आणि लीला उडी मारून बसल्या.

"भानु, चल ना!"

"गाडीत बसलं तर गोल कसला? मी चालणार."

गाडी पुढे, मागे भानुमती. गाडीतल्या दोघी गाडीवानाने दिलेले हरभरे सोलून खात होत्या. भानुमती काटे मोजत होती, उजव्या पायात सहा, डाव्यात नऊ.

झाडाखाली पोहोचली तेव्हा मामांनी अर्धा डबा संपवला होता. लीलाने बूट उचलले आणि सरळ भानुमतीच्या हातात दिले.

"तूच घे हे. मला एक नंबर लहान आहेत. पहिल्या दिवसापासून चावतायत गं! दादाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आज तू काढायला लावलेस, तेव्हा कुठं जिवात जीव आला."

महिनाभर मनातल्या मनात जे मागितलं, ते देवाने दिलं होतं. भानुमतीने पाय बुटात घातला. म्हणजे अंगठा गेला. बाकीचा पाय सुजून पुरी झाला होता, तो बाहेरच राहिला.

सोमवारी ती घरी, मिठाच्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. समोर फळीवर बूट. संध्याकाळी दुर्गा आली.

"वर्गात काय झालं?" भानुमतीने आधी तेच विचारलं.

"लीलाने सांगितलं, आम्ही रालामंडल अनवाणी चढलो. पोरी तर पागल झाल्यात! सगळ्या तिच्याभोवती. पुढच्या रविवारी अर्धा वर्ग जाणार आहे, अनवाणी."

"आणि बूट माझ्याकडे आहेत, ते सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"मग?"

"म्हणाल्या, आजकाल बूट कोण घालतं?"

भानुमतीने बरणी ओढली आणि घमेल्यात आणखी एक मूठ मीठ टाकलं.