दोन वितींवरचे गद्रे

बाळ बघायला आलेल्या पाहुण्याची मानगूट धरून त्याचं नाक बाळाच्या नाकासमोर नेणारा गृहस्थ तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. इथे परदेशात, अवोन्डेल उपनगरातले माझे शेजारी, गद्रे.

"दोन विती! तिथून हात काय हलवताय? तिच्या लेखी तुम्ही धुकं आहात!" म्हणत ते पंजाने अंतर मोजत. पाहुण्यांना लसूण वर्ज्य. अंगात कायम काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, बाळाला ठळक दिसावा म्हणून.

इथल्या आपल्या मराठी मंडळींनी त्यांना वेडं ठरवलं. 'फूटपट्टी' हे नाव मीच पाडलं, गणपतीत त्यावर टाळ्याही घेतल्या. आजही कुणी ते नाव घेऊन हसतं, तेव्हा संताप येतो, आधी स्वतःचाच.

त्यांची नात मीरा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच जन्मली. काही आठवड्यांतच ऑपरेशन झालं. डोळ्यातलं भिंगच काढल्यावर उजेड नेमक्या जागी पडणार कसा? म्हणून इवलीशी कॉन्टॅक्ट लेन्स, जवळचं, दोनेक वितींवरचं दिसेल अशा बेताची. या वयात मेंदूला स्पष्ट चित्र मिळालं नाही, तर पुढे तो बघायला शिकतच नाही. गद्रे हे जीव तोडून सांगत. आणि आम्ही शहाणे? "तान्ह्या डोळ्यात प्लास्टिक घालतात, कसाई!" "दृष्ट लागलीय, काजळ घाला." म्हणणाऱ्यांत एक फार्मासिस्टही होता!

एकदा रविवारच्या बाजारात कोथिंबिरीपाशी लेन्स पडली. "नोबडी मूव्ह!" गद्रे गरजले. टॅरोचे, म्हणजे अळूचे कंद विकणारा धिप्पाड सामोअन एका पायावर थिजला. गद्रे गुडघ्यांवर, हातात टॉर्च. आणि मी? कुमारा, म्हणजे इथल्या रताळ्यांच्या ढिगाआड, ओळख नसल्यासारखा. लेन्स मीराच्या लाळेऱ्यावरच सापडली. गद्रे मला एवढंच म्हणाले, "तुमच्या पायाखाली नव्हती, बरं झालं."

आता मीरा शाळेत जाते. तिच्या आईला, गद्र्यांच्या लेकीला, दूर 'ते रापा' इथे नोकरी लागली, दोघी तिकडे गेल्या, घर रिकामं झालं. परवा मी गद्र्यांकडे बसलो असताना मीराचा व्हिडिओ कॉल आला. गद्र्यांनी फोनला नाक टेकवलं.

"आजोबा, मूव्ह बॅक! आय कॅन ओन्ली सी युअर नोज!"

त्यांनी खुर्ची पार भिंतीपर्यंत सरकवली.

"युअर बटन्स आर राँग, आजोबा."

गद्र्यांनी खाली पाहिलं. खरंच, पट्ट्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. "दिसलं हो तिला," ते मला म्हणाले. बटणं तशीच ठेवून त्यांनी हळूच खुर्ची पुढे ओढली, पंजा पसरून फोनपर्यंतचं अंतर मोजलं, आणि दोन वितींवर येऊन थांबले.