स्टँडला अडकवलेले अण्णा

आमच्या कॉलेजातल्या बिराजदार सरांनी प्रयोगशाळेतल्या लोखंडी स्टँडला आपले वडील अडकवून ठेवलेत. दचकू नका. वडील मंद्रूपला घरी खाटेवर आहेत. स्टँडच्या चिमट्यात आहे तो जुना मोबाईल आणि त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असलेला व्हिडिओ कॉल. समोर काचेच्या चंबूत काहीतरी गरगर फिरत असतं, आणि टोपी घातलेले अण्णा डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत असतात.

मी मराठी शिकवतो. माझा वर्ग भिंतीपलीकडे. इकडे मी करुणरसात शिरलो की तिकडून आवाज येतो, "आरं, आच कमी कर की! फेस आलाय बग!" पोरं खो खो हसतात. माझा करुणरस तिथंच आटोपतो.

अण्णा म्हणजे गुळव्या माणूस. तीस वर्षं गुऱ्हाळात उसाचा रस आटवायच्या काहिलीपुढं काढलेली. पाक कधी उतरवायचा हे नुसत्या फेसावरून सांगायचे. कंबर मोडली आणि सगळं बसलं.

आता सर बनवतात काय? इथं माझी पंचाईत होते. इट्रियम, इटर्बियम, अर्बियम! एकाच पाळण्यात बारसं उरकल्यासारखी नावं. या दुर्मिळ धातूंचे क्षार आणि फ्लोराइड तेलात तीनशे अंशांवर तापवले की म्हणे कण तयार होतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक. त्याची एक बाटली कायम सरांच्या खिशात. "न दिसणारा उजेड टाकला की हिरवं चमकतंय बघा सर! उद्या अंगात सोडलं तर गाठ कुठं लपलीय ते दाखवील. वर औषध चढवलं तर नेमकं तितंच उतरवील." 'उद्या' हे महत्त्वाचं. अजून उंदरापर्यंतसुद्धा मजल गेलेली नाही, कारण उंदरासाठी वेगळी समिती आहे. तरी सर हे भेटेल त्याला ऐकवतात. नवी पेठेत चादर दाखवणाऱ्या दुकानदारालाही त्यांनी बाटली दाखवली. तो बिचारा सगळं ऐकून म्हणाला, "ते ठीक आहे साहेब, पण सिंगल दाखवू की डबल?"

दुसरं खूळ धुण्याचं. कण तयार झाले की अल्कोहोलनं तीनदा धुवायचे असतात. हा माणूस चहाचा कपही तीनदा धुतो. द्राक्षं तीनदा. एकदा तर माझ्या पेनांची टोपणं धुतली!

एकदा मी सहज चंबूखालची यंत्राची डबी बघितली. आकडा लावला की ती आपोआप तापमान सांभाळते. मी म्हटलं, "अहो, मग अण्णांचं काय काम?"

सरांनी पटकन मोबाईलवर हात ठेवला आणि मला दारापर्यंत ओढत नेलं. "हळू बोला की! कंबर मोडल्यावर चार महिने भिंतीकडं तोंड करून पडले होते. जेवण तोडलं होतं. मी म्हटलं, अण्णा, माझ्याकडं नजरेचं माणूस न्हाय, तुमी बघत ऱ्हावा. तवापासनं दोन्ही वेळा जेवतात."

मार्चमध्ये इट्रियम संपलं. खरेदीची फाईल निघाली. कार्यालय म्हणालं, तीन दरपत्रकं आणा. सर म्हणाले, आपल्याला हे देणारा एकच आहे. कार्यालय म्हणालं, मग त्याच्याकडूनच तीन आणा! तीही आणली. मग कोणीतरी शेरा मारला, 'फ्लोराइड कशासाठी? टूथपेस्ट कॅन्टीनमध्ये उपलब्ध आहे.' फाईल परत. मला इतका संताप आला की खुलासा मीच लिहून दिला. तोही कुठं गेला देव जाणे.

"मग आता काम बंद?" मी विचारलं.

"बंद कसं करू?" सर म्हणाले. "अण्णा आहेत ना."

सुट्टी लागली. मी एका दुपारी उत्तरपत्रिका न्यायला गेलो. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळा मात्र उघडी. चंबूत स्वच्छ पाणी गरगरत होतं. सर कप धुवायला गेले होते.

"मास्तर, जरा हिकडं या," मोबाईलमधून आवाज आला. "त्ये पानीच हाय न्हवं?"

मी दाराकडे बघितलं.

"तीस वर्सं काहिलीपुडं काढल्यात. पाक कुटला आन् पानी कुटलं, कळंना व्हय मला? लई दिस झालं, नुसतं पानी फिरतंय."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"काय बोलू? त्येनं लगीन केलं न्हाय, सोबत कुनाची न्हाय. कालेजातली पोरंबी सुट्टीला गेली. मी बगत न्हाय म्हनलं, तर दिसभर त्येनं बोलायचं कुनाशी? लई एकटा हाय वो त्यो. तुमी काय बी सांगू नगा."

दारात सर आले, हातात धुतलेले कप. "अण्णा, रंग कसा हाय?"

अण्णांनी टोपी सारखी केली. चेहरा मोबाईलजवळ आणला. त्या स्वच्छ पाण्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं.

"येतोय की," अण्णा म्हणाले. "घाई करू नगं. फिरू दे."