गरजू असल्याचा दाखला

फरशीवाल्याला चौकोनांची भीती नसते! जन्मभर चौकोनच बसवतोय मी, तेव्हा टॅक्सच्या रिटर्नमधले चौकोन भरायला कुणाच्या दारात जायची गरज नाही, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. जर्मनीत ऑग्सबर्गला येऊन मला तीन वर्षं झाली होती, पण मिमोझा आणि आमची लेक कोसोव्होहून गेल्याच वर्षी आल्या. नवरा-बायकोने जोडीने भरायचं हे आमचं पहिलंच रिटर्न. परत येणाऱ्या पैशांतून वॉशिंग मशीन घ्यायचं, हे मिमोझाने आधीच ठरवून टाकलं होतं. तळघरातल्या सामाईक मशीनपुढे रांग लावून ती विटली होती.

संध्याकाळी तिने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"बार्धिल, मी कधी मेले रे?"

"काय?"

"इथे तू ‘विधुर’वर खूण केलीयस!"

दुसऱ्या दिवशी तिने मला धरून ओबरमायर बाईंकडे नेलं. आमच्यासारख्यांची रिटर्न भरून देणारी एक संस्था आहे, तिथे त्या बसतात.

"गावी कुणाला पैसे पाठवता?" बाईंनी विचारलं.

"दर महिन्याला! वडिलांना!" मी छाती फुगवली.

"छान. मग बरीच सूट मिळेल. फक्त हा अर्ज तिकडच्या गावकचेरीतून भरून आणा. वडील गरजू आहेत, तुमच्या पैशांवाचून त्यांचं भागत नाही, असा शिक्का हवा."

"एवढंच? आठवड्यात आणतो!"

मिमोझाने कपाळाला हात लावला. "बाबा? आणि गरजू?"

घरी येऊन मी लगेच फोन लावला.

"बाबा, एक छोटासा कागद हवा होता. तुम्ही गरजू आहात असा."

पलीकडून आवाज फुटला. "कोण गरजू? या शेफ्केतच्या दारातून आजवर मांजरसुद्धा उपाशी गेलेलं नाही! आणि शिक्का कोण मारणार? रमिझ?"

"कचेरीत तेच असतात ना, म्हणून—"

"त्यापेक्षा बाप मेला म्हणून लिही! त्यावर मिळव सूट!"

फोन आपटला. आता हे रमिझकाका म्हणजे आमच्या गावच्या कचेरीचे प्रमुख. त्यांचं आणि बाबांचं माझ्या जन्माआधीपासून जुंपलेलं आहे. त्यांनी पाहुण्यांच्या खोलीला नवी खिडकी पाडली, की बाबा आमच्या घरावर एक मजला चढवतात. राहणारी माणसं दोन आणि मजले तीन! वरच्या मजल्याला अजून जिना नाही.

इकडे मुदत जवळ येत चालली. मला एका जागी बसवेना. जेवताना उठायचो, झोपताना बसायचो. कामावर एक फरशी चक्क उलटी चिकटवली! शेवटी माझा धीर सुटला. मी तो कोरा अर्ज सरळ रमिझकाकांच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, ‘काका, एवढं भरून शिक्का मारा. बाबांना बोलू नका.’

"कुणाला पाठवलास?" मिमोझा किंचाळली. "अरे, त्यापेक्षा गावात दवंडी पिटायचीस!"

दवंडी रमिझकाकांनीच पिटली. मिमोझाच्या आईचा फोन आला, तेव्हा सगळं कळलं. काकांनी अर्ज म्हणे कॉफीच्या दुकानात उभं राहून मोठ्याने वाचला. "मंडळी, शेफ्केतच्या घरात कुणीतरी गरजू आहे! खास जर्मनीहून विचारणा आलीय!"

बाबांनी माझे फोन घेणं बंद केलं. किती वेळा लावला असेल! एकदा आईने उचलला आणि कुजबुजली, "बार्धिल, पोरा, दोन वेळ जेवता ना रे?"

"आई, हे काय विचारतेस?"

"मग आवाज का खोल गेलाय?"

"अगं, फरशी कापतोय मी! मशीनचा आवाज आहे!"

"आईला कळतं सगळं," ती हुंदका देऊन म्हणाली आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी सासूबाईंची पुढची बातमी. "मिमोझा, तुझ्या सासऱ्याने काल वासरू कापलं! सगळं गाव जेवलं. रमिझ तर जेवून उठला आणि परत जेवायला बसला!"

"पण कशासाठी?"

"विचारायला तोंड कुणाचं रिकामं होतं?"

त्यानंतरच्या रविवारी गावाकडून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने मला बोलावलं. सामान उतरवून दिलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "हिंमत सोडू नकोस, भावा!" असं म्हणून त्याने माझ्या खिशात दहा युरो कोंबले. मी बघतच राहिलो!

पोत्यांत पीठ होतं, मुरवलेल्या मिरच्या, चीज, लोकरीचे मोजे, कुणाचे तरी जुने बूट. तळाशी रमिझकाकांचा तपकिरी सूट! आणि एक पाकीट. त्यात गावाने आमच्यासाठी गोळा केलेली वर्गणी आणि आमचा अर्ज. मिमोझाने अर्ज वाचायला घेतला.

"गरजू व्यक्ती : बार्धिल, मुक्काम ऑग्सबर्ग. सांभाळ करणारी व्यक्ती : वडील, शेफ्केत. गरजूची मालमत्ता : नाही. कारण : जर्मन सरकारने काही ठेवलं नाही."

खाली रमिझकाकांचा शिक्का. असा हाणला होता की कागद फाटायचाच बाकी होता.

ओबरमायर बाईंना आम्ही त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा कागद मी पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "वडिलांची सूट विसरा. बाकीचं तयार आहे. दोघं सह्या करा."

मी केली. मिमोझाने पेन खाली ठेवलं.

"आधी बाबांना फोन कर. खरं काय ते सांग. अरे, गावात ज्यांच्या स्वतःच्या घरात काही नाही, त्यांनी आपल्यासाठी पैसे काढलेत!"

"नंतर सांगतो ना."

"जोडीचं रिटर्न आहे ना? मग भर माझ्या सहीवाचून!"

बाईंच्या टेबलासमोरूनच स्पीकरवर फोन लावला. नेमका बाबांनी उचलला! "बाबा, आम्ही उपाशी नाही. मला नुसती सूट हवी होती. तुम्हाला मान खाली घालायला लावली मी. चुकलं माझं."

"मला काय कळत नाही होय?" बाबा म्हणाले. "पहिल्याच फोनला कळलं होतं."

"मग ही वर्गणी?"

"तू अर्ज त्या रमिझकडे पाठवलास. त्याने गावभर वाचला. म्हणजे आपल्या घरात कुणीतरी गरजू निघायलाच हवं होतं. वासरू कापून गाव जेवू घालणारा मी निघणार होतो काय?"

मिमोझा भिंतीकडे तोंड करून हसत होती.

"पैसे लगेच परत पाठवतो, बाबा."

"खबरदार! दिलेलं परत घेणारं गाव नाही हे. सुनेला कपड्यांचं मशीन हवंय म्हणे, ते घे. आणि हे बघ, ऑगस्टात दरवर्षीसारखी भाड्याची चकचकीत गाडी मिरवत येऊ नकोस. बसने ये. रमिझचा सूट घालून."

"अहो, त्याच्या बाह्या माझ्या कोपरापर्यंत येतात!"

"मग तर फारच छान!"

मिमोझाने लगेच सही ठोकली.

मशीन आलं. मस्त चालतं. आणि ऑगस्टही आला. बस आत्ता गावच्या वळणावर आहे. शेजारून सगळ्यांच्या चकचकीत गाड्या हॉर्न वाजवत पुढे जाताहेत. मी तपकिरी सुटात घामाघूम होऊन बसलोय, आणि मिमोझा कोपराने ढोसतेय, "बार्धिल, पोट आत घे! रमिझकाका घ्यायला आलेत!"