पाकिटाची पाठ वाचणारे नरसिंगराव

लग्नाच्या पंगतीत वाढपी पुऱ्या घेऊन आला की नरसिंगराव केळीच्या पानावर आडवा हात धरतात. पोट भरलेलं नसतं. अजून पहिला घासही घेतलेला नसतो. "एण्णे कुठलं? सरकीचं की सोयाबीनचं? डब्यावर लेबल काय आहे?" तेलाच्या डब्याची चौकशी करणारा पाहुणा वाढप्याला जन्मात पहिल्यांदाच भेटलेला असतो. मागची पानं खोळंबतात आणि वधूपिता दुरूनच हात जोडतो.

म्हैसूरमधल्या जयलक्ष्मीपुरमला आमची घरं शेजारी-शेजारी, त्यामुळे मला हे रोजचंच. जवळच्या बेळगोळच्या एका कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून गृहस्थ लोकांच्या स्वयंपाकघरात शिरले. बियाण्यात माणसानं जनुकं बदलली असतील, तर तसं पाकिटावर छापा, एवढंच त्यांचं म्हणणं. "नोडी, हे बघा, मी खाऊ नका म्हणत नाही. आधी मला सांगा तरी!" म्हणणं सोळा आणे खरं. पण ते भजनी मंडळाला आणि ताप बघायला आलेल्या डॉक्टरला ऐकवायचं काय कारण? कंपन्या मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापतात, ती वाचायला कुणाला सवड नाही, आणि उलटतपासणी होते माझ्या कांदेपोह्यांची!

एकदा शुद्ध तेलासाठी बसनं बन्नूरला गेले. घाण्यासमोर उभं राहून डबा भरून घेतला. निघताना विचारलं, शेंगदाणे कुठले? घाणेवाला अभिमानानं म्हणाला, "म्हैसूरच्या मंडईतले, स्वामी!" तो डबा आमच्याकडे आला. तेल छान होतं.

पत्नी गेल्यापासून ते एकटेच असतात. मुलगी शुभा अमेरिकेत. मागच्या खेपेला तिनं आणलेली बिस्किटं ह्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच्या हातानं तिच्या बॅगेत परत ठेवली. त्यानंतर मात्र तिला रजाच मिळेना. "तिकडं रजा कुठं मिळते हो," असं ते मला सांगत, आणि मी मान डोलावत असे.

यंदा ती आली. वडिलांच्या पंच्याहत्तरीला तिनं घरीच केक केला, तिकडून आणलेल्या पाकिटातल्या पिठाचा. मलाही बोलावलं होतं. कापण्याआधी तिनं रिकामं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

"अप्पा, आधी वाचा. जनुकं बदललेलं आहे, स्पष्ट छापलंय. नको असेल तर बेडा म्हणा, मी रागावणार नाही."

शेवटचे शब्द बोलताना तिचा आवाज कापला.

नरसिंगरावांनी चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचलं. इतकी वर्षं मागितलेलं समोर होतं, आणि नको म्हणायची पूर्ण मुभाही होती. आता हा माणूस तत्त्वाला जागणार आणि पोरीला कायमची घालवणार, असं वाटून मला भयंकर राग आला.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. पाकीट बाजूला सारलं. "काप."

त्यांनी केक खाल्ला, अगदी शेवटच्या कणापर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी रिकामी बशी पुन्हा लेकीपुढे धरली.

"इन्नोंदु तुकडा दे गं," ते म्हणाले. "तू नसलीस की हे घर खायला उठतं."