मुंगसाला मत देण्याचा वसा

एका जंगलात, बाळांनो, कोंबड्यांचा मतदारसंघ होता. तिथून कायम मुंगूसच निवडून यायचं.

आमदार मुंगूसरावांच्या पणजोबांनी म्हणे एक साप मारला होता. तो साप कुणी पाहिला नव्हता. पण तेवढ्या पुण्याईवर आजोबा आमदार झाले, मग वडील, मग हे. दर निवडणुकीनंतर खुराड्यातली अंडी जायची. कोंबड्या त्याला नैवेद्य म्हणायच्या.

यंदा पिवळी नावाची नवी सून पहिल्यांदाच अंड्यांवर बसली होती. मुंगसासमोर उभं होतं कासव.

"सासूबाई, कासवाला मत देऊ या. ते बिचारं पाला खातं."

"त्याच्या घराण्यात कुणी आमदार झालंय?"

"नाही."

"मग त्याला काय कळणार? मागच्या खेपेला मुंगूसरावांनी माझी अंडी नेली, पण पावलाचा आवाज नाही हो. घरंदाजपणा लागतो त्याला."

पिवळीनं जरा विचार केला. "पण सासूबाई, प्रत्येक व्रताला उद्यापन असतं. याचं कधी करायचं?"

सासूबाईंनी उगाच पंख झटकले. "ते माझ्या सासूबाईंनी सांगितलंच नाही. आणि तू असलं काही विचारू नकोस. वसा मोडलास आणि अंड्यांना काही झालं, म्हणजे?"

पिवळी अंड्यांवर आणखी दाबून बसली.

तेवढ्यात मुंगूसराव प्रचाराला दारात आले. हात जोडून त्यांनी घरट्यात डोकावून पाहिलं. "वहिनी, अंड्यांची काळजी आता माझ्यावर सोडा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला.

मतदानाच्या दिवशी पिवळीनं देवाचं नाव घेतलं, अंड्यांकडे एकदा वळून पाहिलं आणि त्यांच्याचसाठी मुंगसाला मत दिलं.

मुंगूसराव निवडून आले. गुलाल उधळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळीचं घरटं रिकामं होतं.

ती रडू लागली. सासूबाईंनी तिला मायेनं जवळ घेतलं.

"मनात कासव आणलं होतंस ना? त्यांना कळलं असणार. नाहीतर एखादं अंडं ठेवतात ते. पुढच्या निवडणुकीला मतदार नकोत का?"

तात्पर्य : मत देताना उमेदवाराचं घराणं नीट पाहून घ्यावं. म्हणजे आपली अंडी कुठे गेली, हे शोधत फिरावं लागत नाही.