वाचणाऱ्याची खुर्ची

नांद्याच्या वाचनालयाच्या लेखक मेळ्यात सरपंचांना खुर्ची मिळत नाही. ते सतरंजीवर बसतात. वाचनालय चालवणारे केरबा अण्णा त्यांचे सख्खे चुलते आहेत, पण त्याचाही उपयोग होत नाही.

"बाळू, पुस्तक वाचलंयस का?"

"अण्णा, येळ कुटं मिळतुया?"

"मग खुर्चीलाबी येळ न्हाई. बस खाली."

मेळा दर वर्षी भातझोडणी उरकली की होतो. एकच लेखक येतो. दोन महिने आधी त्याच्या पुस्तकाच्या पाच प्रती आणल्या जातात. जो पुस्तक नेऊन, वाचून परत करील त्याला पुढच्या ओळीत खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर अण्णांच्या हातची, नावाची चिठ्ठी. बाकी गाव सतरंजीवर.

पुस्तक परत देताना अण्णा एक प्रश्न विचारतात. त्याला परीक्षा म्हटलेलं त्यांना खपत नाही. "परीक्षा न्हाई, चौकशी हाय," असं ते म्हणतात. मी नांद्यात फ्लॅट घेतला त्या वर्षी मीही पुस्तक नेलं, चाळलं आणि परत केलं.

"बैलाचा रंग कंचा व्हता?" अण्णांनी विचारलं.

"तांबडा," मी म्हणालो.

"बैलच न्हाई त्या पुस्तकात." त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं. "सतरंजी चांगली हाय. औंदाच धुतली."

माझी चौकशी मिनिटभरात संपली. निवृत्त शिक्षिका सुनंदाबाईंची मात्र दोन तास चाले. त्या पुस्तक आणणार त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालत आणि शेजारच्या हॉटेलात चहा आधीच सांगून ठेवत. एका प्रश्नाचे दहा होत. बाई उठल्या की अण्णा म्हणत, "थांबा की, गोष्टीतला तो धाकला भाऊ ऱ्हायलाच." बाई पुन्हा बसत. इतर वाचक उत्तर देऊन घाईने निघत. त्यांनाही अण्णा "थांबा की" म्हणत. ते थांबत नसत.

सुरुवातीच्या वर्षांत खुर्च्यांच्या तीन ओळी लागत, असं जुने लोक सांगतात. मग जमिनी विकल्या गेल्या आणि वाचणारी घरं एकेक करून महाळुंग्याच्या टॉवरमध्ये गेली. अण्णांचा मुलगाही तिकडेच गेला. अण्णांच्या घरात खाली सहा खोल्या भाड्याने दिल्या आहेत आणि वर ते एकटे राहतात. भाडेकरू हिंजवडीच्या कंपन्यांतले. सकाळी "गुड मॉर्निंग, अंकल" म्हणतात, तेव्हा त्यांच्या कानात कुणाचं तरी दुसरं बोलणं चालू असतं.

गेल्या वर्षी चार खुर्च्या लागल्या. या वर्षी एकच, सुनंदाबाईंची.

सरपंचांनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं. "अण्णा, नव्या सोसायट्यांची माणसं येनार हायेत. पन्नास खुर्च्या टाकू, समद्यांना बसवू. पुढं रिकामं दिसलं तर कमिटी ऐकायची न्हाई. पुढल्या साली मेळा बंद, ऑर्केस्ट्रा."

"ऑर्केस्ट्र्याला टाक की पन्नास. कोन नको म्हनतंय?"

"तुमी लई हट्टी हाय."

"व्हय."

मेळ्याच्या सकाळी सुनंदाबाईंचा फोन आला. गुडघा सुजला होता, लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली होती. अण्णांनी ऐकून घेतलं, "बरं, जपा," म्हणाले आणि फोन ठेवला. खुर्ची उचलली नाही. चिठ्ठीही काढली नाही.

लेखिका सोलापूरकडच्या होत्या. त्यांची कादंबरी पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईची. सभागृह भरलं होतं, पण सगळं सतरंजीवर. समोर एक रिकामी खुर्ची. सरपंचांनी दबल्या आवाजात पद्धत समजावून सांगितली. त्या हसल्या आणि त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या अण्णांकडे पाहिलं.

"अण्णा, तुम्ही वाचलंय का?"

"ते तर तीन-तीनदा वाचत्यात," सरपंच म्हणाले.

"मग तुमची खुर्ची?"

"आमी घरची मानसं," अण्णा म्हणाले. "घरच्यानं शेवटच्या पंगतीला बसावं."

"हीच शेवटची पंगत समजा. या."

इतक्या वर्षांत अण्णांना मेळ्यात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. टोपी काढली, पुन्हा घातली. सरपंचांनी फोटो काढायला मोबाइल वर धरला.

"विचारा," लेखिका म्हणाल्या.

सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली.

"दळन संपल्यावरबी ती बाई गिरन चालू का ठेवती?" अण्णांनी विचारलं. "रिकामी गिरन दगडाला खाती. तिला काय ठाव न्हाई?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, आवाज बंद झाला तर गावाला वाटंल, बाई गेली. म्हनून."

लेखिकांनी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तसंच असणार."

मग दोघं बोलत राहिले. अण्णांना त्या बाईची सून पटली नव्हती, ते त्यांनी तोंडावर सांगितलं. लेखिकांनी सुनेची बाजू घेतली. अण्णांचा आवाज चढला. अर्ध्या तासाने चहा आला, माणसं पांगली. सरपंच दोनदा आत डोकावून गेले आणि शेवटी सतरंजी गुंडाळायला सांगून घरी गेले. पुढच्या वर्षाचं त्यांनी काही काढलं नाही. अण्णांनीही विचारलं नाही.

लेखिकांना गाडीपर्यंत सोडायला आम्ही गेलो. त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला.

"पुढलं पुस्तक कवा?" अण्णांनी विचारलं.

"लागतील तीन-चार वर्षं."

अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी गाडीच्या दारावरचा हात काढला नाही.

"जरा लवकर लिवा," ते म्हणाले.