राहीबाईच्या पाटीवरचं नाव

राहीबाईने पाटीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, वाकडी झालेली वेलांटी पदराने पुसून पुन्हा काढली आणि पाटी तपासनीस आबासाहेबांपुढे धरली. 'राहीबाई गोरक्षनाथ औटी.' अक्षरं ज्वारीच्या दाण्यांसारखी टपोरी होती.

"छान. आता वाचून दाखवा," आबासाहेब म्हणाले.

"राहीबाई," तिने वाचलं आणि तोंड मिटलं.

"पुढे?"

"पुढं मालकांचं हाय."

"मग वाचा की!"

"लिवलंय न्हवं? तुमाला वाचता येतंय, तुमी वाचा."

दुसरं महायुद्ध चालू होतं, पाऊस दोन वर्षं रुसला होता, आणि रेशनचं धान्य पारनेरहून या वाडीला पोचेपर्यंत वाटेतच संपत असे. म्हणून नगरच्या एका मंडळाने योजना काढली होती. घरटी एका बाईने लिहायला-वाचायला शिकावं. शिकली की त्या घराला महिन्याला आठ पायल्या ज्वारी. नियम छापील होता: स्वतःचं पूर्ण नाव लिहून वाचील तो साक्षर, आणि निरक्षराला धान्य नाही. मराठी सातवी झालेल्या शकिलाने आपल्या ओसरीवर चार महिने दुपारचा वर्ग चालवला. चौदा बायका येत, आठ हिंदूंच्या आणि सहा मुसलमानांच्या. सुरुवातीला दोन सतरंज्या वेगवेगळ्या अंथरल्या जात. उन्हाळा तापला आणि सावली एकाच बाजूला उरली, तेव्हा सगळ्याजणी मुकाट्याने एका सतरंजीवर सरकल्या.

राहीबाईच्या चुलीवर गेले आठ दिवस नुसते हुलगे शिजत होते. तिला ज्वारी हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती. पण नवऱ्याचं नाव काही तोंडातून निघेना.

"उखाण्यात घेता ना? तसं घ्या," आबासाहेबांनी तोड काढली.

"उखाना हळदीकुकवाला असतोय. आठ पायल्यांसाठी परक्या मानसापुढं मालकांचं नाव घ्यू? त्ये काय बाजारात मांडायचं हाय?"

"नियम म्हणजे नियम. नापास! पुढची बाई."

पुढची खातून. तिनेही सुरेख लिहिलं आणि "खातून" एवढं वाचून थांबली.

"तुमचं काय आता?"

"आमच्यात बी तेच हाय, साहेब. नाव घेतलं तर घरवाल्याची उमर कमी होती म्हनतात."

"ह्या हिशेबाने चौदाच्या चौदा नापास होतील!" आबासाहेब ओरडले. शकिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांची मेहनत एका जिभेवर अडली होती.

तेवढ्यात खातूनने राहीबाईच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि आपली तिच्या हातात दिली. "तू माझी वाच, मी तुझी वाचते. तुझ्या घरवाल्याचं नाव घ्यायला मला कसली आडकाठी?"

सगळ्या ओसरीवर पाट्यांची अदलाबदल झाली आणि वाचनाला असा जोर चढला की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. खातूनने "गोरक्षनाथ औटी" खणखणीत वाचलं. राहीबाईने "मोहियोद्दीन शेख" न अडखळता वाचलं. आबासाहेबांना दोनची मोटर गाठायची होती. सगळ्या पास, असं जाहीर करून ते उठले. त्यांच्या लेखनिकाने मात्र परक्या बायकांकडे बघू नये म्हणून मान एकदाही वर केली नव्हती. आधी बाई आपलं नाव सांगे, मग हातातल्या पाटीवरचं नवऱ्याचं नाव वाची. तो ऐकू येईल ते वहीत उतरवत गेला.

पुढच्या सोमवारी बैलगाडीतून पोती आली. चावडीपुढे गाव जमलं. कुटुंबप्रमुखाने अंगठा करून धान्य न्यायचं होतं, म्हणून नवरे शाईत अंगठे बुडवून रांगेत उभे राहिले. आबासाहेबांनी वही उघडली.

"राहीबाई मोहियोद्दीन शेख!"

गोरक्षनाथाने मोहियोद्दीनकडे पाहिलं. मोहियोद्दीनने आभाळाकडे पाहिलं.

"खातून गोरक्षनाथ औटी!"

"आवो सायेब," मोहियोद्दीन काकुळतीला आला, "ती माझी हाय!"

"आन् ह्यी माझी!" गोरक्षनाथ म्हणाला. "वीस वरीस झाली लगनाला!"

पुढची बारा नावंही तशीच निघाली. एका म्हाताऱ्याला तर थेट सुनेच्या वयाची बायको मिळाली. त्याने तक्रार केली नाही, ती त्याच्या म्हातारीने केली. हशा, ओरडा, शिव्या सगळं एकदमच सुरू झालं. आबासाहेबांनी वही मिटली.

"नोंदी चुकल्यात. नगरला दुरुस्ती होऊन यायला दोन महिने लागतील. पोती परत गाडीत चढवा!"

दोन महिने! राहीबाईची दोन्ही पोरं तिच्यामागे उभी राहून पोत्यांकडे बघत होती. ती तरातरा पुढे आली आणि सरळ पोत्यावर बसली. शेजारच्या पोत्यावर खातून बसली. बघता बघता सगळ्या पोत्यांवर बायका बसल्या, आणि गाडीवान बैलांना पाणी दाखवायच्या निमित्ताने निघून गेला.

"उठा, बाई. हे बरं नव्हे."

"न्हाई उठत," राहीबाई म्हणाली. "चूक तुमच्या वहीची, उपाशी आमी का ऱ्हावं? आना ती वही हिकडं."

लेखनिकाने घाबरून वही तिच्या मांडीवर ठेवली. राहीबाईने बोट ठेवून आपली ओळ शोधली, लेखनिकाच्या कानावरची पेन्सिल काढली आणि 'राहीबाई'च्या पुढचं सगळं खोडून टाकलं.

"अहो, पण मग तुम्ही कुणाच्या?" आबासाहेबांनी विचारलं.

"जवारीला नवरा लागतो व्हय?"

गाव खदखदून हसलं. आबासाहेबांच्या कानशिलांवर लाली आली. "कुटुंबप्रमुख पुरुषच असतो! अंगठा त्याचाच लागेल!"

"अंगठा कोन करतं, सायेब?" राहीबाईने शांतपणे विचारलं.

"ज्याला लिहिता येत नाही तो."

"आन् ज्याला लिवता येत न्हाई त्याला तुमच्या छापील कागदात काय हाय? धान्य न्हाई. मग ह्यास्नी कसं देता?"

आबासाहेबांनी छापील नियम काढून वाचला. उलटा करून पाठीमागचं कोरं पानही पाहिलं. मग रांगेतल्या पुरुषांना विचारलं, "सही कुणाला येते?" चौदा पुरुषांनी शाईचे अंगठे हळूच धोतराला पुसले.

त्या दिवशी चौदा बायकांनी चौदा सह्या केल्या, प्रत्येकीने नुसत्या आपल्याच नावाची. कुटुंबप्रमुखाचा रकाना पहिल्यांदाच अंगठ्यावाचून भरला. खातूनची ज्वारी मापताना राहीबाईने पायली जरा वरपर्यंत भरली, आणि आबासाहेबांनी तेवढ्यापुरतं वहीत डोकं घातलं.

पोतं डोक्यावर घेऊन गोरक्षनाथ पुढे चालत होता. ओढ्यापाशी त्याने ते उतरवलं आणि घाम पुसला.

"पाटीवर माझं नाव लिवलं हुतंस म्हनं," तो खाली बघत म्हणाला. "कसं दिसतंय त्ये?"

राहीबाईने काटकी घेतली आणि मऊ मातीत पाचही अक्षरं सावकाश काढली. तो उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत राहिला. आपण एवढे लांबलचक असू असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"वाच की," तो म्हणाला. "हितं कोन न्हाई."

"म्या न्हाई वाचनार," राहीबाईने काटकी त्याच्या हातात दिली. "शकिलाच्या वर्गात या, आन् तुमीच वाचा."